ठासणीची बंदूक आणि पॉटर काउंटीतले पाच दिवस

तयारी : ऑगस्ट ते डिसेंबर २०२४

कोकणातल्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक असायची. एकनळी, केपाची (टिकलीसारख्या छोट्या टोपीने पेटणारी), शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. डुकरं भातात शिरली की आजोबा ती खाली काढायचे आणि मेरेवर उभं राहून एक बार काढायचे. समोरचा डोंगर दणाणून उठायचा. निवडणूक लागली की बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागल्यावर परत यायची. मी ती कधी उडवली नाही, पण गज, दारू, रंजक, कान, बार हे शब्द तेव्हापासून डोक्यात बसले आहेत. अठरा वर्षं पेनसिल्व्हेनियात काढल्यावर ते शब्द पुन्हा उपयोगी पडतील असं कधी वाटलं नव्हतं.

आम्ही बेथलेहेमला राहतो. शेजारी एक आजोबा आहेत. आयुष्यभर पोलाद कारखान्यात काम केलं, तिथलं पोलाद ओतणं १९९५ साली थांबलं तेव्हा घरी बसले. माझ्या मुलीने लहानपणी त्यांना ‘काका’ म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हा सगळ्यांचेच ते काका झाले. दर वर्षी नाताळचं जेवण झालं की हे काका गाडीत सामान टाकून उत्तरेकडच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जातात. २०२४च्या ऑगस्टमध्ये मी विचारलं, मी येऊ का? ते म्हणाले, “ये, पण तयारी आजपासून करायची. डिसेंबरात नाही.”

या एका वाक्याची किंमत मला पुढच्या चार महिन्यांत कळली. म्हणून प्रवास सांगण्याआधी तयारीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिली पायरी प्रशिक्षणाची. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारीचा परवाना घ्यायचा तर आधी वर्ग करून परीक्षा द्यावी लागते. ती झाली. मग साधा परवाना आणि त्यावर ठासणीच्या बंदुकीचा वेगळा परवाना. इथे हरणांसाठी ठासणीच्या बंदुकीचे दोन हंगाम असतात. ऑक्टोबरातला आठवडाभराचा, फक्त बिनशिंगी हरणांसाठी. त्यात आजकालची ‘इनलाइन’ बंदूकही चालते. दुसरा हंगाम २६ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. त्यात फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक. केप नाही, दुर्बीण नाही, आणि नळीचं तोंड किमान ०.४४ इंच. हा हंगाम १९७४ साली सुरू झाला आणि या राज्याने तो आजही निष्ठेने जपला आहे.

मी आधी इनलाइनकडेच वळलो होतो. दुकानात हातात घेतली तर हलकी, काळी, प्लॅस्टिकचा दस्ता. दारूच्या तयार गोळ्या टाकायच्या, मागे आधुनिक प्रायमर बसवायचा, वर दुर्बीण लावायची, दीडशे यार्डांवर निवांत नेम धरायचा. वाईट काहीच नाही. ज्याला ऑक्टोबरात फ्रीजर भरायचा आहे त्याने तीच घ्यावी. पण माझा जीव तिच्यात रमेना. पुढून भरतात, एवढं सोडलं तर ती आधुनिक एकबारी रायफलच.

सप्टेंबरात काकांनी मला नाझरेथजवळच्या जेकब्सबर्गला नेलं. आमच्या घरापासून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तिथे हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना होता, १८१२ सालचा, आणि आता लांब रायफलींचं संग्रहालय आहे. जर्मन कारागीर अठराव्या शतकात इकडे आले ते आखूड, जाड नळीच्या रायफली घेऊन. इथल्या रानात दारू आणि शिसं जपून वापरायला लागायचं, म्हणून त्यांनी नळी लांब केली, तिचं तोंड लहान केलं, दस्ता मेपलच्या लाकडाचा केला. काचेपलीकडच्या त्या बंदुकांच्या लाकडावरचे पट्टे वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे दिसतात. तिथून बाहेर पडलो तेव्हा माझं ठरलं होतं, चकमकीचीच.

तिची रीत अशी. घोड्याच्या, म्हणजे वरच्या हातोडीच्या, जबड्यात गारगोटी घट्ट आवळलेली असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासते, पातं मागे उलटतं आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर पडतात. रंजक भडकते, तिची जीभ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून आत जाते आणि आतली दारू पेटते. हे सगळं डोळ्यांसमोर, गालापासून वीतभर अंतरावर. ‘चकमक झडणे’, ‘ठासून भरणे’, ‘फुसका बार’ हे आपण रोज बोलतो. ही बंदूक हाताळू लागलो तसा एकेक शब्द पुन्हा जिवंत झाला.

०.५० इंचाची, वापरलेली पण नीट राखलेली बंदूक मिळाली. घेताना काकांनी तीन गोष्टी पाहिल्या. अंधाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन कोरडाच चाप ओढला आणि ठिणग्या पांढऱ्या पडतात की लाल ते पाहिलं. पांढऱ्या पडल्या पाहिजेत आणि त्याही वाटीतच. मग नळीत पांढरी चिंधी फिरवून गंज पाहिला. शेवटी नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ विचारला. गोल गोळी वापरायची तर पीळ सावकाश हवा, साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा. लांबुळक्या गोळीला तो घट्ट हवा. बंदूक आणि गोळी यांची सोयरीक जमली नाही तर बाकी सामान कितीही महागाचं आणा, उपयोग नाही.

गोळी ०.४९० इंचाची, शुद्ध शिशाची, वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. तिला गादीच्या जाड सुती कापडाचा चकता गुंडाळायचा. चकत्याला मेण आणि चरबीचा लेप. दारू खरी काळीच हवी. पर्यायी म्हणून जी पावडर मिळते ती पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. डबा उघडला आणि नाकाशी नरकचतुर्दशीची पहाट आली. नळीत जाड दाण्याची, वाटीत पिठासारखी बारीक. माझ्या बंदुकीला ७० ग्रेन मानवली. हे कुठे वाचून ठरत नाही. ६० पासून पाच-पाच ग्रेन वाढवत कागदावर मारायचं आणि भोकं कुठे जवळ येतात ते पाहायचं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी सहा वेळा चांदमारीवर गेलो. पहिल्या दिवशी वाटीतला भडका उडाला की मान मागे जायची. चाप ओढणं आणि बार होणं यांत डोळ्याच्या पापणीएवढा वेळ जातो आणि तेवढ्या वेळात नेम हलला की संपलं. काकांनी गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून दिला. रोज रात्री तळघरात भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून पंचवीस वेळा चाप ओढायचा आणि घोडा पडल्यावरही मनात तीन आकडे मोजून मगच मान उचलायची. महिनाभराने मान स्थिर झाली. ५० यार्डांवर पाचही गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत पडू लागल्या. ७५ वर मात्र ताटाएवढी जागा लागायची. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा ताटाएवढी नसते. म्हणून मी वहीत लिहिलं : ६० यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. सगळ्या तयारीतलं मोलाचं असं हे एकच वाक्य, असं मला आजही वाटतं.

बाकी सामानाचं पटकन सांगतो. अंगाला लोकर, सुती काही नाही. सुती कपडा घामाने भिजला की थंडी हाडात उतरते. कातड्याची एक झोळी, तिच्यात दारूचं शिंग, मोजमाप, चकते, आठ गोळ्या, कान कोरायची तार, वाटी झाडायचा छोटा ब्रश, तीन जादा गारगोट्या आणि अडकलेली गोळी काढायचा स्क्रू. बार ठासायच्या गजावर दोन खुणा कोरल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. म्हणजे गज आत टाकताच बंदुकीत बार आहे की नाही ते कळतं. पहिलीवर गज राहिला की नळी रिकामी. दुसरीच्या वर राहिला तर गोळी तळाशी बसलेली नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. त्या खुणांशिवाय ठासणीची बंदूक कोणी हातात धरू नये.

२५ डिसेंबर : बेथलेहेम ते चेरी स्प्रिंग्ज

निघताना बायकोने आठवण करून दिली की उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि एकादशीसुद्धा. घट मांडायचे होते, शेजारच्या चार मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. “उद्या मिळालं तरी उद्या मला फोनवर सांगू नका,” एवढंच म्हणाली. शिकार तिला रुचत नाही, पण ऑक्टोबरात मी कागदावरची भोकं दाखवायचो तेव्हा ती नीट बघायची.

दुपारी निघालो. ऐंशी क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला, मग जर्सी शोअर गावातून चव्वेचाळीस नंबरचा रस्ता धरून वर. तिथून पुढे चढण, वळणं आणि दुतर्फा उघडीबोडकी झाडं. साधारण चार तास. पॉटर काउंटीची हद्द लागली तेव्हा अंधार पडला होता. सरकारी जंगलात भाडेपट्ट्याने जागा घेऊन बांधलेली लाकडी घरं इथे जागोजागी आहेत. लोक त्यांना नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. काकांच्या वडिलांनी बांधलेला कॅम्प म्हणजे दोन खोल्या, लोखंडी चूल आणि हिवाळ्यात बंद ठेवलेला नळ. पाणी डब्यांतून आणलेलं.

बंदुका काकांनी आत येऊच दिल्या नाहीत. बाहेरच्या पडवीतल्या लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवल्या. “थंड लोखंड गरम खोलीत आलं की घामेजतं. आतूनसुद्धा,” म्हणाले. मी मान डोलावली. नुसती मान डोलावली, हे दोन दिवसांनी कळलं.

जेवण झाल्यावर ते मला चेरी स्प्रिंग्जच्या माळावर घेऊन गेले. ही जागा अंधाऱ्या आकाशासाठी प्रसिद्ध आहे, २००८ पासून तिला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. कृष्ण पक्ष, चंद्र पहाटे उगवणार. इतकं आकाश मी कोकणातही लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. रोहिणीजवळ गुरू लखलखत होता आणि आग्नेयेला मृग नक्षत्र पूर्ण वर आलेलं. काकांनी बोट दाखवून सांगितलं, तो बघ शिकारी, तो त्याचा कमरपट्टा. मी म्हणालो, आमच्याकडे ते चार तारे म्हणजे हरणाचे पाय. तुमचा कमरपट्टा म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. आणि शिकारी तो खाली, एकटा, निळसर. आम्ही त्याला व्याध म्हणतो. चालू महिन्याचं नावसुद्धा या मृगाच्या डोक्यावरून पडलेलं आहे. काका बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या आकाशात हरीण मोठं आहे.”

२६ डिसेंबर : पहिला दिवस

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीची वेळ सुरू होते. सात वाजता मी एका पडलेल्या हेमलॉकच्या खोडामागे बसलो होतो. पायाखाली बोटभर जुना बर्फ. पूर्वेला चंद्राची पातळ कोर होती, ती हळूहळू उजेडात विरघळली. वारा समोरून. काका दरीच्या पलीकडच्या अंगाला, पाऊण मैलावर.

बार भरायचं काम पहाटे पडवीतच उरकलं होतं. दारू मोजून ओतली, नळीला दोन चापट्या मारल्या, चकता ठेवला, गोळी दाबली, गजाने एका दमात खाली ठासली. खूण बरोबर नळीच्या तोंडाशी. जागेवर बसल्यावर वाटीत चिमूटभर रंजक घातली, काठोकाठ नाही. वाटी गच्च भरली तर रंजक वातीसारखी सावकाश जळते. कानाच्या जरा खाली राहील इतकीच घातली की ज्वाळा सरळ आत शिरते.

बसलो की रान हळूहळू आपल्याला विसरतं. या डोंगरांची गोष्ट काकांनी आदल्या रात्री सांगितली होती. इथे हेमलॉकचं घनदाट अरण्य होतं. कातडी कमावायला त्याची साल लागायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सगळं तोडून नेलं. हरणंही बाजारासाठी मारून संपवत आणली. १८९५ साली राज्याने शिकार आयोग नेमला, १९०६ पासून बाहेरून हरणं आणून सोडली, मग जंगल पुन्हा वाढलं. आज ज्या रानात मी दबा धरून बसलो होतो ते असं माणसाने आधी गमावलेलं आणि मग कष्टाने परत मिळवलेलं रान आहे. परवान्याला मोजलेले पैसे याच कामाला लागतात, हे मला मनापासून बरं वाटतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, तेही आपल्या परिस्थितीत योग्यच झालं. दोन देशांच्या रानांचं दुखणं वेगळं होतं, औषधही वेगळं लागलं.

दहाच्या सुमाराला तीन हरणं उतारावरून आली. पांढऱ्या शेपटीची, हिवाळ्यातली राखाडी कातडी, पुढची मोठी मादी दर चार पावलांनी थांबणारी. मी अंतर मनात मोजलं. काकांनी आधीच पावलं मोजून एका बर्चच्या झाडाला खूण करून ठेवली होती, तिथपर्यंत ६० यार्ड. हरणं त्याच्या बरीच पलीकडून, शंभराच्या आसपास, आडवी निघून गेली. घोड्यावरचा अंगठा मी उचलून घेतला. नोव्हेंबरातल्या रायफलीच्या हंगामात आधुनिक रायफलीने हा नेम सहज लागला असता. ती गेली तिकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो आणि मला फार समाधान वाटत होतं.

संध्याकाळी ओला बर्फ भुरभुरू लागला. कॅम्पवर परतलो. वाटीतली रंजक झाडून टाकली. इथल्या कायद्याने वाटी साफ केली की चकमकीची बंदूक रिकामी धरतात. पण नळीतला बार तसाच होता. बंदुकीच्या कुलपावर, म्हणजे घोडा, पातं आणि वाटी असलेल्या भागावर बर्फाचे थेंब होते, ते पुसावे म्हणून मी बंदूक आत नेली आणि पुसून झाल्यावर भिंतीला टेकवली. काका मागे लाकडं फोडत होते. जेवणाच्या तयारीत पाऊण तास गेला. मग आठवलं, तसा ती उचलून पडवीत ठेवून आलो. भरलेली नळी चुलीच्या खोलीत आणणं हीच मुळात मोठी चूक, कायदा काहीही म्हणो. दुसरी चूक सकाळी समजायची होती.

२७ डिसेंबर : रंजक उडाली

हवा एकदम सैल झाली होती. बर्फ जागोजागी वितळलेला, दरीत धुकं. जागा बदलून मी ओढ्याच्या वर, हरणांच्या पायवाटेपासून तीस-पस्तीस यार्डांवर बसलो.

पावणेआठला पायवाटेवर एकटी मादी आली. धुक्यातून आधी कान दिसले, मग मान. चाप किंचित दाबून धरत मी घोडा पूर्ण मागे घेतला. असं केलं की खटका वाजत नाही. ती आडवी उभी राहिली. तीस यार्ड, त्याहून जास्त नाही. पुढच्या पायाच्या मागे नेम धरला आणि चाप ओढला.

फस्स झालं. वाटीत पांढरा भडका, गालाला ऊब, आणि पुढे काही नाही. मी मनात आकडे मोजत तसाच धरून राहिलो. कधीकधी बार उशिरा होतो. म्हणून नळी सावजाच्या दिशेनेच मिनिटभर स्थिर ठेवायची असते. मादी एका उडीत वळली, शेपटीचा पांढरा झेंडा उभा राहिला आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

आजोबा म्हणायचे, “दारू सुकी आसली तर बंदूक, नाय तर काठी.” माझ्या हातात त्या क्षणी काठी होती.

काका आले. ओरडले नाहीत. रात्री आत नेली होतीस का, एवढंच विचारलं. मग कानात तार घालून दाखवली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला काळा, ओला चिखल होता. खोलीच्या उबेत थंड नळी आतून घामेजली होती आणि कानाजवळची दारू भिजून लापशी झाली होती. गोळी काढायच्या स्क्रूने ओढण्यापेक्षा सोपा उपाय त्यांनी केला. तारेने कान मोकळा केला, बारीक रंजकेचे दाणे एकेक करून कानातून आत सरकवले, वाटी पुन्हा भरली आणि मला मातीच्या उंच बांधावर नेम धरायला सांगितला. पहिल्यांदा पुन्हा फस्स. दुसऱ्यांदा दाणे जास्त घातले, तेव्हा ढब्ब असा मेलेला आवाज होऊन गोळी मातीत गेली.

उरलेली सकाळ नळी कोरडी करण्यात गेली. स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी, मग कोरडी, मग पुन्हा स्पिरिट, असं चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. गारगोटीची धारही बोथट झाली होती. काकांनी पितळेच्या छोट्या कांडीने तिच्या कडेवर टिचक्या मारल्या, नखाएवढ्या कपच्या उडाल्या आणि खालून काचेसारखी नवी धार निघाली. दुपारी बसलो, पण काही दिसलं नाही. त्या रात्री नळी पूर्ण रिकामी, कानात पिसाची काडी खोचलेली, बंदूक पडवीत.

२८ डिसेंबर : पावसातला बार

पहाटेपासून रिपरिप. आजूबाजूच्या कॅम्पमधले तिघे-चौघे शेजारी म्हणाले, आज चकमकीची बंदूक घेऊन कोण जाणार? काकांनी मात्र कपाटातून मेण लावलेल्या कातड्याचा एक तुकडा काढला. हा कुलपावर गुडघ्यासारखा बसतो. जुन्या काळी गायीच्या गुडघ्याचंच कातडं वापरायचे, म्हणून आजही इथे त्याला तेच नाव आहे. वाटीच्या कडेला त्यांनी बोटाने मेणाची बारीक रेघ ओढली, म्हणजे पातं बंद झाल्यावर फटीतून पाणी शिरत नाही. नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी. आणि एक सूचना : दर अर्ध्या तासाने रंजक फेकायची, वाटी अंगठ्याने पुसायची, नवी घालायची. दमट रंजकेचे दाणे सुटे राहत नाहीत, एकमेकांना धरून बसतात. तसं दिसलं की बदल.

मी सकाळपासून अकरा वेळा रंजक बदलली. पाऊस हेमलॉकच्या फांद्यांवरून टपटपत होता, बोटं बधिर झाली होती, आणि तरी मला उठावंसं वाटत नव्हतं.

दीडच्या सुमाराला पाठोपाठ तीन माद्या आल्या. पहिल्या दोघी झुडपाआड. तिसरी उघड्यावर थांबली आणि खाली मान घालून पाचोळ्यातली ओकची फळं हुंगू लागली. चाळीस यार्ड. या उशिराच्या हंगामात शिंगवाल्या हरणाचा न वापरलेला टॅग (परवान्यासोबतची, हरणाला बांधायची चिठ्ठी) मादीलाही चालतो, त्यामुळे मला थांबायचं कारण नव्हतं. कातडं डाव्या हाताने सरकवलं. घोडा मागे. तळघरातल्या भिंतीवरचा ठिपका आठवला.

ठिणगी, भडका आणि बार हे तिन्ही एकच झालं. दस्ता खांद्यात रुतला आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली. दमट हवेत धूर हलेना. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पाचोळ्यात दौडत गेलेली पावलं, एक फांदी मोडल्याचा आवाज, मग पाऊस.

आधी पुन्हा बार भरला. हात थरथरत होते, पण मोजमाप चुकू दिलं नाही, गजाची खूण तपासली. मग घड्याळ लावून अर्धा तास जागेवर बसलो. जखमी जनावराला लगेच पिटाळलं तर ते उठून लांब जातं आणि पावसात माग पुसला जातो. दोन्ही भीती होत्या, तरी काकांनी सांगितलेला अर्धा तास पाळला. ती उभी होती तिथे पाचोळ्यावर केसांचा एक झुपका आणि फेसाळ, गुलाबी रक्त होतं. फेस म्हणजे फुफ्फुस. पुढे नेच्याच्या पानांवर थेंब, मग जास्त थेंब. पंचावन्न पावलं मोजली. एका खोडाच्या अलीकडे ती कुशीवर पडली होती, डोळे उघडे, पापण्यांवर पावसाचे थेंब. काठीने डोळ्याला हलकेच स्पर्श केला, हलली नाही.

मी बंदूक झाडाला टेकवली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं. आतली लोकर कोरडी होती, पाऊस नुसता वरवर बसला होता. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. काका बार ऐकून आले होते. त्यांनी टोपी काढली, मी हात जोडले. मग त्यांनी खिशातून पेन काढून दिलं. टॅग भरून कानाला बांधायचा, त्याआधी हरीण जागेवरून हलवायचं नाही. बाहीने कागद झाकत मी तारीख आणि वेळ लिहिली.

आतडी काढण्याचं काम त्यांनी बोलून शिकवलं, सुरी माझ्या हातात. दोरीने ओढत आणायला सव्वा तास लागला. हवा ऊबदार होती म्हणून मांस लटकवून ठेवणं धोक्याचं होतं. रात्री साडेअकरापर्यंत पडवीत बसून सगळं सोडवलं आणि बर्फाच्या पेट्यांत भरलं. हाडं, डोकं, मणका न नेता फक्त मांस. इथल्या हरणांत मेंदू-मणक्याचा एक असाध्य रोग पसरतो आहे. तो आपल्या हाताने दुसऱ्या रानात जाऊ नये, ही काळजी घ्यायलाच हवी.

२९ डिसेंबर : परत

रविवार. त्या वर्षी रविवारी या शिकारीला परवानगी नव्हती, म्हणून कॅम्पमधली चूल विझवली, पाण्याचे डबे रिकामे केले आणि निघालो. वाटेत मी फोनवरून शिकार आयोगाला हरणाची नोंद दिली. त्याला दहा दिवसांची मुदत असते, पण मला ते लगेच करायचं होतं.

घरी आल्यावर बायकोने पेट्या उघडून पाहिल्या. पाठीचा एक तुकडा बाजूला काढला, मालवणी मसाल्याचा डबा आणि कोकमं काढून ठेवली, आणि काकांना रात्री जेवायला यायला सांगितलं.

बंदूक मात्र त्याआधी धुवायची होती. काळ्या दारूची राख दमट हवेत नळी खाऊन टाकते. कान बंद करून मुलीने किटलीतलं कढत पाणी फनेलने नळीत ओतलं. आधी काळंकुट्ट पाणी निघालं, सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास घरभर पसरला, मग राखाडी, मग स्वच्छ. कढत पाण्याने लोखंड इतकं तापतं की आतला ओलावा आपोआप उडून जातो. मग तेलाची चिंधी.

त्याच वेळी बाबांचा फोन आला, कोकणातून, व्हिडिओवर. तिकडे सोमवारची पहाट होती. हरणाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. बंदूक दाखव म्हणाले. मी कॅमेरा नळीवरून फिरवत कुलपापर्यंत आणला. त्यांनी चष्मा वर सरकवला, जवळ येऊन पाहिलं आणि विचारलं,

“कान साफ केलंस मां?”

मी तार उचलली आणि कानातून आरपार घालून दाखवली.